तळच्या डब्यातली तुटक रेष

नाशिक, ५ जानेवारी २०२६

आप्पा,

हे पत्र सीबीएस स्टँडवर तुमचे कंडक्टर महेश मास्तर यांच्या हाती देते आहे. तुम्ही माझा फोन उचलत नाही. आईमार्फत निरोप दिला, तर तो तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत गोड होतो. हा आहे तसाच पोचायला हवा आहे.

तब्येतीची चौकशी सुरुवातीला करत नाही. ती शेवटी आहे.

कॉलेजात या सत्राचं मोठं काम असं आहे : एक कलाचळवळ आणि त्यातला एक चित्रकार निवडायचा, त्याची पद्धत समजून घ्यायची आणि त्या पद्धतीनं स्वतःचं चित्र करायचं. नक्कल चालत नाही. चोवीस तारखेपासून प्रदर्शन आहे. मी क्युबिझम घेतला आणि हुआन ग्रिस हा स्पॅनिश चित्रकार घेतला. क्युबिझममध्ये वस्तू एका जागेवरून बघत नाहीत. समोरून, बाजूनं, वरून बघायची आणि सगळं एकाच चित्रात बसवायचं. इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला आम्ही हेच करायचो, फक्त तिन्ही दृश्यं वेगवेगळी काढायचो. ग्रिस आधी यंत्रांची ड्रॉइंगं शिकला होता, मग चित्राकडे वळला. म्हणून तो. मी अंबडच्या कंपनीतली ड्राफ्ट्समनची नोकरी सोडली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "दुकानांचे फळे रंगवायला इंजिनिअर कशाला लागतो." जूनपासून तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. ग्रिसला घरचे काय म्हणाले, ते मला सापडलं नाही.

चित्रात तुमच्या वस्तू आहेत. ड्युटीवरून आल्यावर तुम्ही टेबलावर ठेवता त्या. तीन डब्यांचा टिफिन, पाण्याची बाटली, चंची, घडी घातलेला पेपर, खाकी शर्टाचा खिसा. दिवाळीत तुम्ही हरसूलच्या घरी झोपला होतात तेव्हा मी मापं घेतली. टिफिनच्या झाकणावरचा पोचासुद्धा मोजला आहे. खिशावर बिल्ला काढलेला नाही. पंचवीस वर्षं विना अपघात गाडी चालवल्याचा तो बिल्ला तुम्हाला सव्वीस जानेवारीला मिळेल. अजून मिळालेला नाही, आणि नसलेली वस्तू काढत नाहीत.

आमच्या ड्रॉइंगमध्ये एक नियम असतो. जी कड डोळ्यांना दिसते ती सलग रेषेनं काढायची. जी वस्तू आहे, पण दुसऱ्या कशाच्या आड आहे, ती तुटक रेषेनं. माझा हात आपोआप तसाच जातो. टिफिनचा छेद काढायचा म्हणून मी तो उघडला होता. तळच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक छोटी बाटली होती. तीही चित्रात आली आहे. तुटक रेषेत.

ती बाटली कसली आहे? मला रंग ठरवायचा आहे.

तब्येत कशी आहे?

सृष्टी


९ जानेवारी

आप्पा,

तुमचं उत्तर काल मास्तरांनी दिलं. गाडी फलाटाला लागली होती. तुम्ही केबिनमधून उतरला नाहीत.

"पोरी, तुझा बाप म्हनतो, डबा माझा, पोट माझं, तिला काय करायचंय? आन् हे घे." मास्तरांनी पिशवीतून नवा टिफिन काढला. "याचं चित्र काढ म्हनला. नवा कोरा हाय. आत बघ, कायबी नाय."

त्यांना हसू येत होतं. मला आलं नाही. टिफिन खोलीवर आणून मोजला. व्यास कमी आहे, कडी वेगळी आहे, झाकणावर पोचा नाही. मी जुनाच काढते आहे.

रंगाचा प्रश्न नव्हता, हे तुम्ही ओळखलं असेलच. बाटलीवरचं नाव मी दिवाळीतच लिहून घेतलं होतं. माझ्या खोलीत अदिबा राहते, मालेगावची, फार्मसी करते. तिला दाखवलं. ती म्हणाली, "हे काचबिंदूचं औषध. मोतीबिंदू नव्हे हं. मोतीबिंदू काढता येतो. यात जेवढी नजर गेली तेवढी गेली, थेंबांनी फक्त उरलेली टिकते. कुणाचं आहे?"

मी म्हटलं, "चित्रातलं आहे."

काचबिंदूत बाजूची नजर आधी जाते, समोरची शेवटी. म्हणून खात्याच्या तपासणीत तुम्ही तक्त्यावरची सगळी अक्षरं वाचलीत. तुम्ही काही फसवून पास झालेला नाहीत, हे मला कळतं. तक्ता समोरच टांगलेला असतो.

पण दिवाळीत आईनं चहाचा कप तुमच्या डाव्या हाताशी ठेवला, तो तुम्ही लोटून दिलात आणि मांजराला शिवी घातलीत. मांजर ओसरीवर होतं. उंबऱ्यातली पणती बघायला तुम्ही अख्खी मान फिरवलीत. तुमच्या डाव्या खांद्यावर चुन्याचा पट्टा होता. तो दाराच्या चौकटीचा होता.

चित्राचं म्हणाल तर काल आमच्या प्रतिभा मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ही तुटक रेष कसली? हे चित्र आहे की वर्कशॉपचं ड्रॉइंग?"

"वस्तू आत आहे, मॅडम. दिसत नाही म्हणून तशी."

"दिसत नाही तर काढतेस कशाला? पुसून टाक."

"नाही पुसणार."

मॅडमना नकाराची सवय नाही. त्या चित्राजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "ठीक. मग ती तिथे का आहे हे चित्रानं सांगायला पाहिजे. तू शेजारी उभी राहून सांगायचं नाही."

तुम्ही हरसूलची मुक्कामी गाडी चालवता. त्र्यंबकच्या पुढे घाट आहे आणि दरी बऱ्याच ठिकाणी डाव्या हाताला आहे. तुम्ही स्टिअरिंगवरून उतरा, एवढंच मला म्हणायचं आहे. खातं दुसरं काम देतं. ते मागायला डोळे दाखवावे लागतील.

उत्तर लिहून द्या. निरोप नको, आणि टिफिनही नको.

सृष्टी


१५ जानेवारी

आप्पा,

हे पत्र पोस्टानं पाठवते आहे, मास्तरांच्या हाती नाही. का ते वाचल्यावर कळेल.

मंगळवारी हरसूलच्या गाडीत मी होते. स्टोल तोंडाला बांधला होता आणि डावीकडे खिडकीशी बसले होते. तुम्ही गाडीत चढलात तेव्हा माझ्या अगदी जवळून गेलात. मी तुमच्या डावीकडे होते.

मास्तरांनी मात्र ओळखलं. तिकीट देताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "उतरेपर्यंत तोंड बांधलेलंच राहू दे."

त्र्यंबक गेलं. घाट लागला तशी त्यांनी तिकिटं थांबवली आणि तुमच्या केबिनच्या दांड्याला धरून उभे राहिले. मला वाटलं, गप्पा मारायला. गप्पा नव्हत्या. मास्तर हलक्या आवाजात बोलत होते, "डावीकडं बैलगाडी… हाय अजून… हाय… गेली. आता मोकळं." तुम्ही हूं म्हणत नव्हतात. गाडी मात्र त्यांच्या शब्दांप्रमाणे चालत होती.

मागे एक म्हातारी भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन बसली होती. नवसाबाई म्हणत होते तिला सगळे. ती ओरडली, "ओ मास्तर, आमचं तिकीट फाडा की! ड्रायव्हर काय पळून चाललाय का?"

गाडीभर हसू झालं. "फाडतो मावशे, तू तरी कुठं पळतीस," म्हणत मास्तर मागे आले. पाट्यांवरून ती हुज्जत घालायला लागली. "रिकाम्या पाटीला कसलं तिकीट? हवा भरलीय का तिच्यात?" आणि तेवढ्यात वळण आलं.

वळणावर डाव्या कडेनं एक बाई मोळी घेऊन चालली होती. मला ती काचेतून बऱ्याच आधी दिसली. मी वाट बघितली की गाडी उजवीकडे सरकेल. गाडी सरकली नाही. मी ओरडायला तोंड उघडलं. स्टोल तोंडावर होता, की आवाजच निघाला नाही, माहीत नाही. मास्तरांनी म्हातारीच्या डोक्यावरून हात टाकून दोरी ओढली. गाडी थांबवायची एक घंटा, इतक्या जोरात की दोरी तुटून हातात आली.

तुम्ही ब्रेक मारलात. मोळी चाकाखाली गेली. बाई बाजूला मातीत बसली होती. तिला लागलं नव्हतं.

तुम्ही उतरलात. उरलेली लाकडं गोळा करून मोळी बांधून दिलीत, डोक्यावर ठेवायला हात लावलात. आणि तिला म्हणालात, "बाई, दिसत नाय का?"

ती मोळी सावरत पुढे चालू लागली. 

हरसूलला तुम्ही घराकडे गेल्यावर मी मास्तरांना स्टँडमागे गाठलं. "किती दिवस चाललंय हे?"

"गनपतीपासनं." त्यांनी हातातल्या दोरीला गाठ मारायला घेतली. "त्यात काय बिघडलं? दोन मानसं मिळून एक गाडी चालवतो. सव्वीसला बिल्ला लागू दे छातीवर. मग तो सोताच सांगनार हाय सायबाला. शब्द दिलाय मला."

"तुम्ही लेकीच्या लग्नासाठी रजेवर जाणार ना?"

"एकवीसच्या दुपारच्याला तुमच्या नाशकाच्या स्टँडवर उतरलो की रजा."

"मग संध्याकाळच्या गाडीला कोण?"

"येईल कोनतरी बदली."

"त्याला सांगणार आहात का, घाटात कुठे उभं राहायचं ते?"

ते गाठ मारत राहिले. गाठ बसली होती, तरी मारत होते.

मंगळवारचं तिकीट मी चित्रात चिकटवलं आहे, पेपरच्या घडीशेजारी. ग्रिसही चित्रात छापील कागद चिकटवायचा. या तिकिटाची शाई काही महिन्यांत उडून जाईल. तोपर्यंत नाशिक ते हरसूल वाचता येतं.

सृष्टी


१९ जानेवारी

आप्पा,

पत्र मिळालं, हे आईच्या फोनवरून कळलं. तुम्ही ते तिला वाचून दाखवलंत, याचं मला आश्चर्य वाटलं. बहुतेक सगळं दाखवलं नसेल.

आई म्हणाली, "थेंब व्हय? धूळ जाते डोळ्यांत म्हून घालतात. गाडीवर लय धूळ."

"कुठल्या डॉक्टरनं सांगितलं धुळीचं?"

"तू लय शिकलीस गं. बाप पंचवीस वर्सं त्या चाकामागं बसला, एक कोंबडी मारली नाय. आता छातीवर बिल्ला लागायच्या टायमाला तुला त्यो सलतो. त्यांनी कॉलेजला नाय म्हनलं म्हून दावा धरलास व्हय?"

मी विचार करून उत्तर दिलं. नाही म्हटलं. तिनं विचारलं तेव्हा मला खात्री नव्हती. फोन ठेवल्यावरही तपासून बघितलं. राग आहे. पण मोळी त्या रागानं चाकाखाली गेली नव्हती.

मग आईनं माझ्या जेवणाचं विचारलं. फोन ठेवताना म्हणाली, "आताशा जेवताना मी त्यांच्या उजव्या अंगाला बसते. डावीकडनं वाढलं की दचकतात."

म्हणजे तिलाही माहीत आहे. मास्तरांना, आईला, मला. घाटातल्या रस्त्यानं चालणाऱ्यांना तेवढं माहीत नाही.

आता मुद्द्याचं. एकवीस तारखेला दुपारी तुम्ही नाशिकला पोचाल. मास्तर रजेवर जातील. संध्याकाळची गाडी सुटायच्या आत तुम्ही स्वतः डेपोत साहेबांना सांगायचं. तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन. अर्ज लिहून तयार आहे. त्यात औषधाचं नाव आहे, मंगळवारच्या वळणाचं वर्णन आहे. मास्तरांचं नाव नाही. बाकी काही लपवलेलं नाही.

सव्वीसपर्यंत पाचच दिवस उरतात, असं तुम्ही म्हणाल. मीही तसं म्हणून बघितलं. पाच दिवस म्हणजे घाट दहा वेळा, आणि शेजारी नवा माणूस.

यानंतर तुम्ही मला मुलगी म्हणणार नाही, हे धरून चालले आहे. तसं झालं तरी अर्ज बदलणार नाही.

चित्र जवळजवळ पुरं झालं आहे. टिफिनची समोरची बाजू, वरची बाजू आणि उजवी बाजू बसली. डावी बाजू काढताना हात तीनदा थांबला. शेवटी तिथे सपाट काळा रंग भरला. मॅडम म्हणाल्या, "इथे काहीच नाही?" मी म्हटलं, "आहे." त्या पुढे गेल्या.

सृष्टी


२९ जानेवारी

आप्पा,

समोर उभं राहून मला बोलता येत नाही, हे तुम्ही प्रदर्शनात पाहिलंत. म्हणून परत कागद. तुम्ही पाठवलेला नवा टिफिन हरसूलच्या गाडीनं आईकडे परत पाठवते आहे. पत्र तळच्या डब्यात आहे.

एकवीसला मी डेपोत आले तेव्हा तुम्ही साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसला होतात. पूर्ण गणवेशात, मांडीवर जुना टिफिन. मी तुमच्या डावीकडून आले. पावलं ऐकून तुम्ही न बघताच म्हणालात, "कागद आनलास?"

"आणलाय."

"दे."

तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात, बोट ओळीखाली सरकवत. मोळीच्या ओळीवर बोट थांबलं. मला वाटलं, आता फाडाल.

"‘बाई, दिसत नाय का’, हे मी बोललेलं यात नाय लिवलं तू."

"त्याची अर्जात गरज नव्हती."

"हूं." तुम्ही घडी घालून तो खिशात ठेवलात. "कागद नको. मला तोंड हाय. तू भाईर थांब."

मी फाटकाशी थांबले. तुम्ही माझ्यामुळे आला होतात की माझ्या आधी, ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही. संध्याकाळची हरसूलची गाडी गेली तेव्हा तिच्यावर दुसरा ड्रायव्हर होता. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहून ती जाताना बघितलीत. गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी तुमची मान तशीच होती. मग आपण दोघं स्टँडवर आलो आणि तुम्ही प्रवासी म्हणून पुढच्या गाडीत बसलात. खिडकीशी. ड्रायव्हरचे हात सतत दिसत राहतील अशी जागा तुम्ही का निवडलीत, ते कळलं नाही.

पंचवीसला तुम्ही प्रदर्शनात याल असं मला वाटलं नव्हतं. आईनं जरीकाठाची साडी नेसली होती आणि ती प्रत्येक चित्राला नमस्कार केल्यासारखी वाकत होती. तुम्ही सरळ माझ्या चित्रापुढे जाऊन उभे राहिलात. एका नजरेत ते तुम्हाला मावत नव्हतं. तुम्ही मान हळूहळू डावीकडून उजवीकडे नेलीत, मग परत. इतर लोक पुढे सरकत होते. तुम्ही एकेक तुकडा बघून मनात जोडत होतात. सगळ्या प्रदर्शनात ते चित्र जसं बघायला हवं तसं तुम्ही एकट्यानं बघितलंत. प्रतिभा मॅडम दारातून बघत होत्या. नंतर मला एवढंच म्हणाल्या, "तुला शेजारी उभं राहावं लागलं नाही."

तुम्ही बोट न लावता दाखवलंत. "पोचा बराबर आलाय."

मग तळच्या डब्याकडे बघितलंत. "ही ती?"

मी मान हलवली.

"झाकन तर मी काढलं. सायबाम्होरं काढलं, समद्या डेपोम्होरं काढलं. मंग ही रेष अजून तुटकीच का?"

माझ्याकडे उत्तर होतं : चित्र एकदा लागलं की त्याला हात लावता येत नाही. ते सांगता आलं नाही. आई मध्ये पडली, "चला, पोरीला रडवू नका लोकांत." मी रडत नव्हते. तेवढं नोंदवून ठेवा.

सव्वीसला डेपोत झेंडावंदनानंतर तुमच्याच वर्षी लागलेल्या दोघांना बिल्ले मिळाले. पंचवीस वर्षांना पाच दिवस कमी पडले म्हणून तुमचं नाव यादीत नव्हतं. आई सांगते, तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून गेलात, मागे उभे राहिलात आणि टाळ्या वाजवल्यात. आणि घरी येऊन दोन दिवस जेवला नाहीत. हे दुसरं तिनं मला सांगायचं नव्हतं. तुम्ही मला माफ केलेलं नाही, हे मला माहीत आहे. टिफिन परत येईल का, ते बघू.

डोळ्यांच्या दवाखान्यात सोमवारी नंबर आहे. मी स्टँडवर असेन. तुमच्या उजव्या हाताला.

प्रदर्शन काल उतरलं. चित्र खोलीवर आणलं आणि त्यात दोन बदल केले. बाटली आता सलग रेषेत आहे, रंग भरून. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं.

दुसरा बदल तुम्ही सांगितलेला नाही. खाकी खिशावर बिल्ला काढला आहे. तुटक रेषेत.

त्या रेषेचा नियम मी पहिल्या पत्रात लिहिला होता. तो बदललेला नाही.

सृष्टी